निखळ दुधाचा एक घोट

फोन आला तेव्हा मी पुंडलिकनगरच्या घरी मेथी निवडत बसले होते. दिलशादच्या नवऱ्याचं, करीमभाईंचं नाव दिसलं आणि मला वाटलं, डायलिसिसला न्यायला रिक्षा मिळत नसेल, जावयाची गाडी मागत असतील. "मंगलताई, दिलशाद गेली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुम्ही या. रेहानजवळ कुणीतरी पाहिजे." खरं सांगायचं तर, दिलशाद जाणार हे महिनाभर दिसत होतं, पण ते दुसरं वाक्य मला टोचलं. घरात बाप आहे, चुलते आहेत, गल्लीभर माणसं जमलेली असणार, आणि सोळा वर्षांच्या पोराजवळ कुणी नाही म्हणजे काय? छावणीत त्यांच्या घरी पोचल्यावर कळलं. रेहान दाराबाहेर पायरीवर बसला होता. आत बायका दिलशादला आंघोळ घालत होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "मावशी, बडे अब्बा म्हणले, मला अम्मीचं तोंड बघता नाय येणार. मी तिला परका आहे."

बडे अब्बा म्हणजे करीमभाईंचे थोरले भाऊ. माणूस वाईट नाही. तेही डोळे पुसतच उभे होते. पण ते म्हणत होते ते त्यांच्या धर्माप्रमाणे बरोबर होतं, आणि कटू गोष्ट ही की दिलशादलाही ते बरोबर वाटलं असतं. ते का, हे सांगायचं तर मला फार मागे जावं लागेल...

आम्ही दोघी पोस्टात. मी बचत खात्याच्या खिडकीवर, ती शेजारी रजिस्ट्री आणि पार्सलच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, अंगानं किरकोळ, पण जीभ अशी की दोन्ही खिडक्यांची रांग शांत बसायची. तिचा काटा म्हणजे काटा. पार्सल जरा जास्त भरलं की पुढचा दर लागणार, मग समोर सख्खा बाप उभा असला तरी. मी म्हणायची, अगं सोड ना, एवढ्या-तेवढ्यानं सरकार बुडत नाही. ती म्हणायची, "ताई, भरलं तर भरलं, नाय तर नाय. मधलं काय नसतं." पुढे आयुष्यानं तिला नेमकं त्या मधल्यातच नेऊन टाकलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सगळे उपाय झाले, डॉक्टरांनी हात टेकले. करीमभाईंचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान, तिची नोकरी, घरात खायला कमी नाही. दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा मला कोण आनंद झाला. तिला मात्र आनंदाबरोबर घोर लागला. तिनं मला समजावून सांगितलं ते असं... त्यांच्यात मूल वाढवणं हे मोठं पुण्य, पण दत्तक घेतलं म्हणून ते पोटचं होत नाही. मुलगा असेल तर तो वयात आला की ती त्याला परकी बाई. त्याच्यापुढे पदर सावरायचा, त्याला मिठीत घ्यायचं नाही. यातून एकच वाट आहे, दूध. मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत बाईनं त्याला आपलं दूध पाजलं की ती त्याची आई. दुधाची आई ही आईच, मग पडदा नाही, परकेपणा नाही.

मी बौद्ध घरातली. पटल्याशिवाय मान हलवायची नाही असं वडिलांनी शिकवलेलं, आणि मला हे काही केल्या पटेना. मी म्हटलं, कायद्यानं तो तुझा मुलगा असणार, घरात तुम्ही तिघं, तिथे कोण विचारायला येणार आहे? "मी विचारणार," ती म्हणाली. "बाहेरच्यांचं सोड. उद्या वर गेल्यावर मला विचारलं, तर मी काय सांगू?" तिच्यावर कुणी जबरदस्ती केली असती तर मी भांडले असते. करीमभाई तर बिचारे म्हणत होते, जे होईल ते होईल. पण ही तिचीच श्रद्धा होती आणि तिचाच काटा होता.

एक सोपा मार्ग होता, आणि घरातले सगळे तोच सुचवत होते. दिलशादची धाकटी बहीण नसीम जालन्याला दिलेली. तिची झोया तेव्हा नुकतीच जन्मलेली, अंगावर पीत होती. नसीमनं बाळाला पाजलं असतं तर ती दुधाची आई झाली असती आणि दिलशाद त्याची मावशी. मावशीलाही पडदा नसतो. प्रश्न मिटला. कितीतरी घरांत असंच करतात म्हणे. मीही म्हटलं, काय हरकत आहे, घरात तुलाच अम्मी म्हणेल की. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मला खाला नाय व्हायचं, ताई. खाला तर मी झोयाची हाय. मला पण एक जण पाहिजे ज्याची मी कुणी दुसरी नाय, आईच हाय." नसीमनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मग सुरू झाली ती दूध आणायची खटपट. बाळंतपण न झालेल्या बाईलाही दूध येऊ शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एका डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की मूल यायच्या आधीपासून ठरलेल्या वेळी पंप लावत राहायचं, शरीराला वाटलं पाहिजे की कुणीतरी मागतंय. पोस्टात कुठे लावणार पंप? जुन्या पोत्यांच्या खोलीत. ती आत आणि मी दाराबाहेर पहारेकरी. पोस्टमास्तर विचारायचे, मी सांगायची, पोती मोजतेय. ते म्हणायचे, रोज? मी म्हणायची, रोज कमी भरतात, साहेब. घरून मी अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी, बाळंतिणीला जे जे देतात ते सगळं घेऊन जायची. ती हसायची, "बाळ नाय, बाळंतीण मात्र हाय." छाती सुजायची, दुखायची, ताप यायचा. बरेच दिवस काहीच नाही, आणि मग एके दुपारी ती खोलीतून बाहेर आली, हातातल्या बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी, चमचाभरसुद्धा नाही. आम्ही दोघी त्या पोत्यांत बसून रडलो. मला आजही वाटतं, तिला मूल त्या दिवशी झालं.

पण मूल येईना. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. तान्हं बाळ मिळणार होतं, ते मिळेपर्यंत मुलगा दीड वर्षाला टेकला. या काळात तिचं दूध एकदा आटलं होतं, तिनं पुन्हा सुरू केलं होतं. रेहान घरी आला तो चालत आला. चार-पाच शब्द बोलणारा, बाटलीची सवय असलेला, दात आलेला मुलगा. त्याला ती छातीशी घ्यायची आणि तो दोन्ही हातांनी तिला ढकलायचा. ओरडायचा, चावायचा. दीड वर्षाच्या पोराला काय कळणार की ही बाई त्याच्याकडे काय मागतेय? दोन वर्षांचा होईपर्यंतचीच मुदत, आणि रोज एक दिवस जातोय. त्या महिन्यांत मी तिला पाहिलंय ती वेड लागलेल्या बाईसारखी. खिडकीवर बसून तिकिटं चिकटवतेय आणि डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

डॉक्टरबाईंनी एक बारीक नळी दिली. नळीचं एक टोक स्तनाला चिकटवायचं, दुसरं पावडरच्या दुधाच्या बाटलीत. मूल ओढेल तेव्हा त्याला बाटलीचंही मिळतं आणि आईचंही, म्हणून ते टिकून राहतं. नळीनं थोडं जमलं. झोपेच्या धुंदीत असला की रेहान ओढायचा, जागा झाला की सोडून द्यायचा. एका रविवारी मी तिथेच होते. तो बराच वेळ पीत राहिला आणि दिलशाद श्वास धरून बसली होती. शिवाय पंपानं जे काही निघायचं, त्याचा एक थेंब ती वाया जाऊ देत नव्हती. सगळं त्याच्या बाटलीतल्या दुधात घालायची, म्हणजे तो न कुरकुरता पिऊन टाकेल. मीच म्हणायची, शाबास, पोरगी हुशार आहे. तो दोन वर्षांचा झाला त्या दिवशी तिनं सगळ्या पोस्टाला पेढे वाटले. लोकांना वाटलं वाढदिवसाचे. ती माझ्या कानात म्हणाली, "ताई, झाले मी."

मधली वर्षं सुखाची गेली. त्यांत सांगण्यासारखं काही नाही आणि तेच बरं होतं. रेहान शाळेत गेला, पडला, झडला, आईच्या गळ्यात हात टाकून पोस्टाच्या दारापर्यंत यायचा. सुटीत नसीम झोयाला घेऊन यायची. दिलशाद गंमतीनं म्हणायची, ही माझी सून. तेवढं ऐकलं की नसीम उठून आत जायची. आम्हाला वाटायचं, तिला थट्टा कळत नाही.

रेहान अकराएक वर्षांचा असताना दिलशाद बायकांच्या कुठल्याशा बयानाला, म्हणजे धर्माच्या प्रवचनाला गेली. तिथे दुधाच्या नात्याविषयी सांगत होते. बाईचं दूध दुसऱ्या दुधात मिसळलं आणि दुसरंच जास्त असलं, तर त्यानं नातं लागत नाही. एवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर आली ती पांढरीफटक. मी विचारलं तर म्हणाली, "बाटलीत मिसळलं ना मी. सगळं मिसळलं." एक थेंब वाया जाऊ नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्या बाईनं सगळेच थेंब आपल्या हातानं वाया घालवले होते... करीमभाई तिला एका म्हाताऱ्या मौलानांकडे घेऊन गेले. त्यांनी फार मायेनं ऐकून घेतलं. ते म्हणाले, बेटी, बाटलीचं धरता येणार नाही, नळीचंही संशयाचं आहे, पण निखळ तुझ्या दुधाचा एक घोट जरी त्याच्या पोटात गेल्याचं तुला पक्कं आठवत असेल, तर तू त्याची आई. एक घोट पुरे. तू आठव.

ती आठवत राहिली. चार-पाच वर्षं ती तेच करत होती. त्या रविवारचा तिला आधार वाटायचा. एका दुपारी डबा खाताना तिनं मला विचारलं, "ताई, तू तिथं होतीस. बाटली संपली होती ना? नळी रिकामी झाल्यावर पण तो ओढत होता ना?" मी त्याच्या गालांकडे बघत होते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, बाटलीकडे कोण बघणार? मी म्हटलं, होती संपली. ती माझ्याकडे बघत राहिली. "बघितलीस?" मी म्हटलं, अगं संपलीच असणार, एवढा वेळ पीत होता, संपली असं म्हण ना. तिनं घास खाली ठेवला. "म्हण नको, ताई. होती का?" मी तिच्यासाठी कुणाच्याही गळ्याची शपथ घ्यायला तयार होते. पण काट्यावर बसणाऱ्या त्या बाईला माझं वजन कळलं. तिनं डबा बंद केला आणि पुन्हा मला कधी विचारलं नाही.

त्यानंतर तिनं रेहानपासून एकेक हात मागे घ्यायला सुरुवात केली. मला ते बघवत नव्हतं. तो नववीत पहिला आला, धावत पोस्टात आला, तिला मिठी मारायला गेला, आणि ती खुर्चीसकट मागे सरकली. सगळी रांग बघत होती. तेव्हा मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, एका घोटापायी तू जिवंतपणी पोराची आई मारतेस. ती नुसती रडली. मग तिच्या डोक्यात आलं, निदान झोया सून म्हणून यावी, म्हणजे पोर कुठेतरी आपल्या रक्ताशी बांधलं जाईल. तिनं नसीमला गंभीरपणे विचारलं, आत्ता नाही, मोठी झाल्यावर, पण शब्द दे. नसीम म्हणाली, नाही होऊ शकत. का? तर काही सांगेना. दिलशादनं त्याचा एकच अर्थ काढला, बहिणीला माझं पोर कुणाचं कोण जाणे असं वाटतं. दोघींचं येणंजाणं बंद झालं. त्यातच दिलशादची मूत्रपिंडं गेली. करीमभाई दुकानात असले की रेहानच तिला रिक्षातून उतरवून डायलिसिसला न्यायचा. मौलानांनी सांगितलं होतं की आजारपणात चालतं, तरी त्यानं दंडाला धरलं की ती डोळे मिटून घ्यायची. त्या पोराला काय वाटत असेल, ते त्यालाच ठाऊक.

तर असा तो पायरीवर बसला होता. मी बडे अब्बांशी भांडले. तुम्ही बघितलंय, त्यानं तिची किती सेवा केली. ते म्हणाले, ताई, मला काय आनंद होतोय का, पण दिलशाद स्वतः मला सांगून गेली आहे की शक आहे. करीमभाई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभे. जनाजा निघायची वेळ होत आली. मी रेहानच्या शेजारी बसून होते आणि मला त्याचा हात धरण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. तेवढ्यात जालन्याहून नसीम आली. आत गेली, बहिणीजवळ थोडा वेळ बसली, बाहेर येऊन तिनं विचारलं, रेहान बाहेर का? कुणीतरी सांगितलं. ती सरळ बडे अब्बांपुढे जाऊन उभी राहिली. "भाईजान, इने मेरा दूध पिया है. झोया के साथ. आपा इसकी खाला होती. इसको अंदर आने दो." झोयाला ती नाही का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं; एका दुधाचे बहीणभाऊ, त्यांचं लग्न होत नाही. बडे अब्बांनी विचारलं, कधीची गोष्ट? दोन वर्षांचा नव्हता झाला, ती म्हणाली. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? देवाची साक्ष काढून तिनं शपथ घेतली, आणि ते म्हणाले, जा बेटा.

रेहान उठला, पण त्याचा पाय उचलेना. त्याला आत जायला मिळालं होतं, पण ते दिलशादचा मुलगा म्हणून नाही. जे नको म्हणून तिनं शरीराचे हाल केले, तेच नातं घेऊन तो उंबऱ्यावर उभा होता. मी त्याला हळूच पुढे ढकललं. आत बायकांनी जागा करून दिली, चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. तो वाकला, "अम्मी" म्हणाला, आणि बराच वेळ तसाच राहिला. कुणी त्याला टोकलं नाही. दिलशादला बाप नाही, भाऊ नाही, आणि बायको गेली की नवऱ्याचंही नातं तुटलं असं त्यांच्यात धरतात म्हणे. कबरीत उतरून तिला हातावर घ्यायला नात्याचा पुरुष एवढा एकच निघाला. करीमभाईंनी नंतर सांगितलं, त्यानं तिला फार सांभाळून ठेवलं.

मला नसीमचा भयंकर राग होता. काही आठवड्यांनी छावणीत गेले, ती अजून तिथेच राहून घर बघत होती. दिलशादच्या खोलीत आम्ही दोघीच बसलो होतो, पलंगावर. मी म्हटलं, तू एक शब्द बोलली असतीस तर तिनं ही चार-पाच वर्षं पोराला पोटाशी धरलं असतं. आम्ही खोटं बोलायला तयार होतो ते तिनं घेतलं नाही, आणि तू खरं घेऊन जालन्यात बसलीस. नसीम म्हणाली, दिलशाद ताप आला म्हणून रेहानला घेऊन जालन्याला राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. झोया अजून पीत होती. रेहान आपणहून आला, मांडीवर चढला आणि दुसऱ्या बाजूला तोंड लावलं. शेजारच्या खोलीत दिलशाद पंप लावून बसली होती. "मी त्याला ओढून काढलं नाय, ताई. लई भुकेला होता. आणि मला वाटलं, तिचं नाय जमलं तर हे राहील." मग सांगितलं का नाहीस? "कशी सांगणार? ती अजून एक घोट आठवत होती. मी सांगितलं असतं तर तिचं आठवणं थांबलं असतं. ती म्हणायची, आठवेल, नसीम, एक दिवस आठवेल..." "तिनं मला शपथ घातली होती. तू त्याला पाजलंस तर माझं मेलं तोंड बघशील. मी पाजलं, ताई. आणि बघितलं."

चूक कुणाची, हे त्या दिवसापासून मी शोधतेय आणि मला एकही माणूस सापडत नाही.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. मी दचकले. नसीम म्हणाली, रेहान आहे. तो बारा वर्षांचा झाल्यापासून दिलशादनं त्याला सवय लावली होती, खोलीत यायच्या आधी बाहेर खाकरायचं आणि थांबायचं, म्हणजे तिला ओढणी सावरता येईल, मग ती आतून हाक मारणार. आम्ही दोघीही त्याला परक्या नव्हतो. एक त्याच्या दुधाची आई, दुसरी म्हातारी मावशी, दार सताड उघडं. तरी तो उंबऱ्याच्या बाहेर, खाली मान घालून, अम्मीच्या हाकेसाठी थांबला होता.